रात्री फोकस लावला की वायरलेस बहिरा होतो : बोटीवरचा इंटरफिअरन्स शोधायचा कसा?

हर्णैकर_पुतण्या

नमस्कार मंडळी. काकांची ट्रॉलर आहे हर्णै बंदरात, लाकडी बोट, वरून फायबर मारलेलं. मी असतो पुण्यात, पण गावी गेलो की बोटीतलं वायरिंग बघायचं काम माझ्याच गळ्यात, "तू इंजिनियर ना" म्हणून. सिव्हिल आहे हे सांगून काही फरक पडत नाही.

तर प्रॉब्लेम असा की वायरलेस (व्हीएचएफ, २५ वॅटचा फिक्स सेट) दिवसा नीट चालतो, सात-आठ मैलांवरच्या बोटी येतात, आणि रात्री जाळं ओढायच्या वेळी डेकवरचे एलईडी फोकस लावले की तीन मैलांवरचा माणूस पण येत नाही. तो बोलत असतो, समोरच्या तिसऱ्या बोटीला त्याचं सगळं ऐकू जातं, फक्त आम्ही ठार बहिरे. आणि खरखर, शिट्टी, घुर्र असं काहीच नाही हो, सेट एकदम गप्प असतो, त्यामुळे इंटरफिअरन्स आहे हे पण पहिले कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बंदरावरच्या एका दुरुस्तीवाल्याने सेट गेलाय म्हणून नवा घ्यायला लावला. जुना सेट दोनपैकी एका बॅटरीवर परस्पर टाकलेला होता (सिस्टिम २४ व्होल्टची आहे), ते चूक आहे म्हणून त्याने नव्या सेटसोबत २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर पण लावून दिला. पैसे गेले, रात्रीची तऱ्हा तीच. काका तर म्हणतात पूर्वी दिवसा याहून लांबचं यायचं, पण काका पूर्वीचं सगळंच चांगलं होतं म्हणतात त्यामुळे ते मी सोडून दिलं.

बोटीवर काय काय आहे : डेकवर चार एलईडी फोकस, केबिनमध्ये एलईडी पट्ट्या, जीपीएस प्लॉटर, फिशफाइंडर, एआयएस (आजूबाजूची जहाजं कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र), इन्व्हर्टर, त्यावर छोटा टीव्ही, आणि मोबाईल चार्जर जितके खलाशी तितके. सुरुवात कुठून करू?

जुना_सोल्डर

अँटेनाचा कनेक्टर उघडून बघा आधी. खाऱ्या हवेत पीएल-२५९ च्या आत हिरवं झालेलं असतं आणि वरून टेप मारलेली असते म्हणून कोणी उघडत नाही. केबल कुठली आहे? आरजी-५८ असेल तर १० मीटरला जवळपास २ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीचं माप) तिथेच जातात, आरजी-२१३ टाकली तर त्याच्या निम्म्याहून कमी. आणि शील्ड तुटलेली असेल तर केबल स्वतःच बोटीतला कचरा गोळा करते.

हर्णैकर_पुतण्या

कनेक्टर मागच्या बंदीत, बोट शाकारलेली असताना, मीच नवीन लावलाय. केबल जाडी आहे, आरजी-२१३. आणि कनेक्टर खराब असता तर दिवसा पण बोंब असती ना?

पापलेट_प्रेमी

एलईडी लावून मासेमारी करता आणि वर वायरलेस येत नाही म्हणून रडता, वा. २०१७ लाच केंद्राने एलईडीवर बंदी घातलीय, आमच्या गिलनेटवाल्या लोकांचं वाटोळं तुम्हीच केलंत.

हर्णैकर_पुतण्या

अहो साहेब ते वेगळे, पाण्यात प्रकाश टाकून मासा गोळा करायचे, जनरेटरवाले. हे डेकवर उजेडासाठी आहेत, जाळं ओढताना खलाशाचा हात दोरीत गेला तर दिसायला नको का. आम्ही ट्रॉलवाले आहोत, आम्हाला पण त्या लोकांचा त्रासच आहे.

पापलेट_प्रेमी

बरं मग ठीक आहे. चालू द्या.

मार्कोनी_निवृत्त

मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो, ती पोस्टच आता राहिली नाही. तुमच्या वर्णनावरून ९० टक्के फोकसच आहेत. "सेट गप्प आहे म्हणजे इंटरफिअरन्स नाही" हा समज आधी काढून टाका.

मरीन व्हीएचएफ १५६ ते १६२ मेगाहर्ट्झमध्ये, एफएम. स्क्वेल्चचं बटण म्हणजे दारावरचा वॉचमन, ठराविक ताकदीच्या खालचं काही आत सोडत नाही. रात्री कधीतरी फोकस लावल्यावर सेट फुसफुसायला लागला असणार, तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) वैतागून स्क्वेल्च वर नेला असणार आणि तो तिथेच राहिला. आता कचरा पण बाहेर आणि लांबच्या बोटीचा बारीक सिग्नल पण बाहेर. स्क्वेल्चची खूण किती वाजलेल्या जागी आहे ते बघून सांगा.

दुसरी गोष्ट. एलईडी स्वतः गुन्हेगार नसतो, त्याच्या मागचा ड्रायव्हर असतो. २४ व्होल्टवरून एलईडीला ठराविक करंट द्यायला आत एक ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. ते चालू-बंद जितकं झटक्यात तितके त्याचे हार्मोनिक्स वरपर्यंत जातात, १५६ मेगाहर्ट्झच्या पण पुढे. चांगल्या ड्रायव्हरला आत फिल्टर असतो, स्वस्तातल्या फोकसमध्ये तेवढे चार पार्ट वाचवलेले असतात. आणि फोकसला जाणारी वायर अँटेनाचं काम करते. चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, त्याची पाव लांबी साधारण ४८ सेंटिमीटर, म्हणजे हातभर. हातभर वायर कुठल्या दिव्याला लोंबत नाही सांगा.

अमेरिकन कोस्ट गार्डने २०१८ मध्ये यावर सेफ्टी अलर्ट काढला होता. त्यात एका जहाजाचा दाखला आहे, जहाजांच्या ठरवून दिलेल्या मार्गांवर काही घोळ झाला, बचाव केंद्र व्हीएचएफवर हाका मारतंय आणि जहाजाला येतच नाही, एआयएस पण नीट घेत नव्हतं. त्यांनी सुचवलेली टेस्ट सोपी आहे : दिवे बंद ठेवून शांत चॅनेल लावा (ते १३ म्हणतात), स्क्वेल्च खाली आणा आवाज येईपर्यंत, मग हळूच वर न्या, जिथे जेमतेम गप्प होतो तिथे सोडा. आता दिवे लावा. सेट बोलायला लागला तर दिवे दोषी.

एक एक फोकस करून बघा, चारही एकदम नको. आणि हे सगळं बंदरात बांधलेल्या बोटीवर करा, समुद्रात चालत्या बोटीचे नेव्हिगेशन लाईट विझवून प्रयोग करू नका.

हर्णैकर_पुतण्या

काका (तुम्हाला काका म्हणतो, चालेल ना), काय सांगू. स्क्वेल्चची खूण तीन वाजल्याच्या जागी होती. तांडेलाला विचारलं तर म्हणाला "ते बटण खराब आहे, खाली आणलं की ओरडतं".

टेस्ट केली. डेकचे पुढचे दोन फोकस लावले, काही नाही. मागचा डावा लावला, किंचित फुस्स. डोलकाठीवरचा जो आहे तो लावला आणि सेट जो ओरडायला लागला की शेजारच्या बोटीवरचा माणूस डोकावून बघायला आला. तो फोकस अँटेनाच्या खाली एक फुटावर आहे आणि त्याची उरलेली वायर गुंडाळी करून अँटेनाच्या केबललाच टायने बांधलेली, ते मात्र आमच्याच माणसाचं काम.

अजून एक दिसलं, माईकचं बटण दाबून बोललो की तोच फोकस बारीक लुकलुकतो. याचा संबंध आहे का?

मार्कोनी_निवृत्त

चालेल की. संबंध आहेच. तुमचे २५ वॅट त्या वायरीत शिरतायत म्हणून लुकलुकतो, आणि ज्या वाटेने आत जातंय त्याच वाटेने बाहेर येतंय. ही खूण फुकटातली टेस्ट आहे, बोलताना जे मिचकावतं, ज्याची स्क्रीन हलते, ज्या स्पीकरमध्ये गुरगुर येते, त्याची वायर अँटेनाच्या जास्तच ओळखीची आहे असं समजायचं.

तांडेल_मुरूडचा

सगळं खरं पण जाळं वर येताना फोकस बंद ठेवून कसं चालेल ते पण सांगा. आमच्याकडे पण हाच प्रकार, पण अंधारात काम करायचं की वायरलेस ऐकायचा यात वायरलेस मागे पडतो. वायरलेस तसाही सोळा नंबरवर गप्पा आणि गाणी ऐकायलाच आहे म्हणा.

मार्कोनी_निवृत्त

तांडेल, बंद ठेवा असं कोणीच म्हणत नाही, दिवा बदला किंवा त्याची जागा बदला असं म्हणतोय. आणि १६ वर गप्पा मारणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही, बोललो तर धागा उडेल. सोळा नंबर मदतीसाठी आहे आणि ज्या रात्री शेजारच्या बोटीत पाणी शिरेल त्या रात्री फोकस चालूच असणार आहेत.

दोनमीटरवाला

हॅम (हौशी रेडिओवाला) आहे, मिरजेचा, समुद्राशी संबंध मासे खाण्यापुरता. पण नॉइज शोधणं हा आमचा रोजचा धंदा आहे म्हणून लिहितो.

मार्कोनी साहेबांची टेस्ट चांगली आहे पण तिच्यात एक भोक आहे. एफएम सेटमध्ये लिमिटर असतो, त्यामुळे स्क्वेल्च उघडा ठेवला की जे फुस्स येतं ते बाहेर कचरा कमी असो वा जास्त, तेवढंच ऐकू येतं. शिवाय बऱ्याच सेटमधला स्क्वेल्च त्या फुस्सवरच चालतो. एखाद्या ड्रायव्हरचा कचरा अगदी सपाट, पांढऱ्या नॉइजसारखा असेल तर स्क्वेल्च उघडणारच नाही आणि तुम्ही म्हणाल दिवा साधा आहे. सेट ओरडला तर दिवा नक्की दोषी, पण ओरडला नाही म्हणून सुटका नाही. पुढच्या दोन फोकसना इतक्यात सर्टिफिकेट देऊ नका.

मग काय करायचं. सगळ्यात स्वस्त उपाय, ओळखीच्या बोटीला लांब पाठवा आणि १ वॅटवर बोलायला सांगा, आकडे मोजत राहा म्हणावं. आवाज जेमतेम कळतोय इतका लांब गेला की तुम्ही एक एक वस्तू चालू करा. ज्या वस्तूने आकडे बुडतात ती वस्तू. कानाला हे लगेच कळतं.

दुसरं, वास घेत फिरायला एएम रिसीव्हर हवा, कारण एएममध्ये कचरा वाढला की आवाज वाढतो. बऱ्याच हॅंडीत (हातातल्या सेटमध्ये) विमानाचा बँड ऐकता येतो, ११८ ते १३७, तो एएम आहे. तिथे मोकळी जागा लावून आखूड अँटेना ठेवून प्रत्येक वायरीच्या जवळ न्या. १३० ला जो ओरडतो तो बहुतेक वेळा १५६ ला पण ओरडतोच. नसेल तर साधा मीडियम वेव्हचा खिशातला रेडिओ, दोन स्टेशनच्या मधली जागा लावून, तो पण चालेल, पण तो खालच्या फ्रीक्वेन्सीचं सांगतो. तिथे घाण असलेली वस्तू व्हीएचएफला साफ असू शकते आणि उलट पण. सोलर कंट्रोलर बघा, मीडियम वेव्ह आणि नॅव्हटेक्सचं (जहाजांना हवामानाचे, धोक्याचे लेखी संदेश देणारी सेवा) ५१८ किलोहर्ट्झ धुवून काढतो आणि व्हीएचएफला काही नाही, असं बरेचदा असतं.

तिसरं आणि माझ्या आवडीचं, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीचा छोटा रिसीव्हर) लॅपटॉपला लावून बोटीच्याच अँटेनावर बसा. तीन-चार हजारांत येतं. स्क्रीनवर खालची रेषा (म्हणजे कचऱ्याची पातळी) दिसते, दिवा लावला की ती किती डीबी उठली ते सरळ वाचा. फक्त डोंगल लावलेलं असताना चुकून सेटवरून बोलू नका, शेजारच्या बोटीच्या २५ वॅटने पण ते जळू शकतं. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, त्याचा चार्जर म्हणजे अजून एक संशयित.

कालव्याकाठी

मी नेदरलँड्समध्ये असतो, छोटी शिडाची बोट आहे, इंजिनियर आहे (खरा :) ). एक पद्धत सुचवतो, तुमच्याकडे एआयएस आहे ना. एआयएसचे दोन चॅनेल १६१.९७५ आणि १६२.०२५, म्हणजे त्याच बँडमध्ये. सगळं बंद असताना यादीत किती जहाजं दिसतात आणि सगळ्यात लांबचं किती मैलांवर आहे ते लिहा, मग दिवे लावून अर्धा तास थांबून परत लिहा. तुमच्या समोरून जेएनपीटीला जाणारी-येणारी मोठी जहाजं सारखी असतील, त्यांचा एआयएस दमदार असतो आणि अँटेना उंच, त्यामुळे मोजायला मस्त. लगेच निकाल लागत नाही पण कान, स्क्वेल्च काही मध्ये येत नाही. आमच्या क्लबमध्ये एकाचा मोबाईल चार्जर असाच सापडला, प्लॉटरच्या मागे खोचलेला होता, त्याला फोन लावलेला नसताना पण तो ओरडत होता.

फेराइटचे क्लिप (वायरीवर बसवायचे, कचरा अडवणारे चुंबकीय मातीचे तुकडे) घ्याल तर नुसतं "फेराइट" म्हणून घेऊ नका. १५६ ला मिक्स (फेराइटचा प्रकार) ४३ किंवा ३१ चालतो, ६१ त्याच्या वर २०० पासून पुढे जास्त उपयोगाचा. वस्तूच्या अगदी तोंडाशी लावायचा, वायर तीन मीटर गेल्यावर लावून काय फायदा. प्लस-मायनस दोन्ही वायरी एकाच क्लिपमधून. एचएफला जसे दहा-बारा वेढे मारतात तसे इथे मारू नका, वेढ्यावेढ्यात कपॅसिटन्स येतो आणि व्हीएचएफ उडी मारून जातं, एक-दोन वेढे बास.

जुना_सोल्डर

+१. प्लस-मायनस एकमेकांत पिळून न्या हे पण लिहा. बोटीवर कायम प्लस एका बाजूने जातो आणि मायनस भलतीकडून येतो, मग ती मोठी लूप होते. पीळ फुकट आहे. दिव्याच्या तोंडाशी १ नॅनोफॅरॅड आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचे सिरॅमिक कपॅसिटर, पाय एकदम आखूड कापून.

फेराइट लॅमिंग्टन रोडला मिळतात पण मिक्स विचारलं तर दुकानदार तुमच्याकडेच बघतो. पुण्यात तपकीर गल्लीत तीच कथा. ऑनलाईन पार्ट नंबर बघून मागवा.

हर्णैकर_पुतण्या

अपडेट देतो, जरा मोठा आहे.

डोलकाठीवरचा फोकस काढून केबिनच्या छपराच्या मागच्या कडेला लावला, अँटेना पुढच्या बाजूला उंच नेली, दोघांत आता तीन मीटर आहेत. वायरी पिळल्या, केबलपासून सोडवल्या. मागचा डावा उघडून बघितला तर आत ड्रायव्हर म्हणजे एक आयसी, एक कॉइल, एक डायोड, फिल्टरच्या नावाने शिमगा. ते दोन्ही बदलले. रात्री काकांनी फोन केला, दिवसा जेवढं येतं तेवढं रात्री येतंय म्हणून. घरात आनंदीआनंद, मी पण धागा बंद करा म्हणून लिहायला बसलो होतो.

पण दोनमीटरवाल्यांनी ते भोक दाखवल्यामुळे डोंगल मागवून ठेवलं होतं, म्हटलं आलंच आहे तर बघू. बंदरात सगळे फ्यूज काढले, अँटेना डोंगलला लावली, रेषा बघितली. मग नुसता वायरलेसचा फ्यूज लावून सेट चालू केला, बोलायचं नाही, फक्त चालू, अँटेना डोंगललाच. रेषा चांगली ९ डीबी वर! सेट बंद केला तरी वरच. सेटचा फ्यूज काढला की खाली. आता सेट स्वतःच कचरा करतोय का? नवा सेट आहे हो.

दोनमीटरवाला

सेट बंद केला तरी वर राहते म्हणताय ना, मग सेट कशाला. त्या फ्यूजच्या आणि सेटच्या मध्ये काय आहे ते बघा. पहिल्या पोस्टमध्ये तुम्हीच लिहिलंय.

हर्णैकर_पुतण्या

कन्व्हर्टर!!!

दोनमीटरवाला

हां. आता विचार करा, "सगळं बंद करून" जी जी टेस्ट केली त्यात सेट तर चालू होताच, म्हणजे कन्व्हर्टर चालू होताच. तुमचं सगळं बंद कधी सगळं बंद नव्हतंच. दिवसाची रेंज तुम्ही बरोबर धरून चाललात आणि रात्रीची तिच्याशी तोलत बसलात, पण काटाच आधीपासून सरकलेला. म्हणून अशी टेस्ट करताना सेटला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी द्यायची, स्कूटरची पण चालते ऐकण्यापुरती, आणि बोटीच्या बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडवायचे. मेन स्विच बंद करून भागत नाही, बिल्ज पंपाचा (तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट, सोलर, एखादा चार्जर हे स्विचच्या आधीच परस्पर बॅटरीवर टाकलेले असतात.

९ डीबी म्हणजे थोडं नाही. मोकळ्या जागेत ६ डीबीला अंतर निम्मं होतं. पाण्यावर क्षितिज आड येतं त्यामुळे हिशोब तितका सरळ राहत नाही, पण लांबच्या बारीक सिग्नलला मार बसतोच.

मार्कोनी_निवृत्त

मस्त पकडलंत. आणि काकांची माफी मागा, ते पूर्वी लांबचं यायचं म्हणत होते ते खरं होतं. जुना सेट सरळ बॅटरीवर होता, मध्ये कन्व्हर्टर नव्हता. अर्थात त्या दुरुस्तीवाल्याने एका बॅटरीवरचा सेट काढला ते योग्यच केलं, तसं ठेवलं की एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन लवकर मरते. त्याने फक्त कन्व्हर्टर कसला घेतला ते बघितलं नाही.

बोटीवर रेडिओजवळ काही लावायचं तर आयईसी ६०९४५ लिहिलेलं बघा. या स्टँडर्डमध्ये नेमक्या १५६ ते १६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी मर्यादा मुद्दाम कडक ठेवलीय, ३ मीटरवर २४ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. घरगुती वस्तूंसाठी अमेरिकेच्या नियमात त्याच भागात ४३.५ चालतात. मोजण्याच्या पद्धतीत थोडा फरक आहे पण तरी अंदाज घ्या, घरात पास झालेली वस्तू बोटीत अँटेनाखाली नापास होऊ शकते आणि त्यात तिचा काही दोष नाही. आणि खोक्यावर "मरीन" लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की पाणी आत जात नाही.

कालव्याकाठी

लिनिअर रेग्युलेटर वापरला तर? स्विचिंगच नाही, नॉइजच नाही.

जुना_सोल्डर

बोलताना सेट पाच-सहा अँपिअर ओढतो. २४ चे १२ करताना उरलेले १२ व्होल्ट गुणिले ६, म्हणजे ७२ वॅटची नुसती उष्णता. केबिनमध्ये चहा करायचा असेल तर ठीक.

तांडेल_मुरूडचा

चहाला गॅस आहे आमच्याकडे. पण आमच्या बोटीत पण असलाच कन्व्हर्टर आहे, पत्र्याचा, निळा. फिशफाइंडर आणि वायरलेस दोन्ही त्याच्यावर. वायरलेस दुसऱ्या बॅटरीवर टाकून बघतो आज.

हर्णैकर_पुतण्या

शेवटचा अपडेट. नवीन कन्व्हर्टर येईपर्यंत जुन्याला अल्युमिनियमच्या डब्यात घातलं, डबा बॅटरीच्या मायनसला जोडला, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दोन्ही जोड्यांवर डब्याच्या तोंडाशीच मिक्स ४३ चे क्लिप, सोल्डर भाऊंनी सांगितलेले कपॅसिटर, आणि डबा अँटेनाच्या केबलपासून उचलून केबिनच्या दुसऱ्या टोकाला. ९ डीबी होते ते २ वर आले. मग ६०९४५ वाला आला, तो लावल्यावर रेषा हलतच नाही. महाग आहे, साध्याच्या चौपट, पण नव्या सेटच्या निम्म्यातही आला, आणि तो सेट घ्यायची गरजच नव्हती हे काकांना अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या दोन फोकसपैकी एक पण निघाला बरं का, स्क्वेल्चच्या टेस्टमध्ये एकदम साळसूद होता, डोंगलवर ४ डीबी. केबिनच्या पट्ट्या साफ आहेत. इन्व्हर्टर व्हीएचएफला साफ पण मीडियम वेव्हला भयंकर, तो तसाच ठेवलाय, टीव्हीशिवाय खलाशी ऐकणार नाहीत.

आता स्क्वेल्चची खूण नऊ वाजल्याच्या जागी आहे आणि अकरा-बारा मैलांवरच्या बोटी फोकस लावून येतात. तांडेलाची नवी तक्रार अशी की आता नको त्या लोकांच्या पण गप्पा येतात.

पापलेट_प्रेमी

वाचनखूण साठवली. आमची ओबीएमची (मागे बाहेर लावायच्या इंजिनची) छोटी होडी आहे, पेट्रोलचं इंजिन, हातातला वॉकीटॉकी. इंजिन चालू केलं की टक टक टक असा आवाज येतो, रेस दिली की टकटक वाढते. हे पण फोकससारखंच का?

जुना_सोल्डर

नाही, ते इग्निशन आहे. रेसबरोबर वाढतंय म्हणजे स्पार्कच. रेझिस्टरवाला प्लग आहे का बघा, कंपनीच्या नंबरमध्ये बहुतेक ठिकाणी आर अक्षर असतं, पण तुमच्या इंजिनच्या पुस्तकात जो नंबर दिलाय त्याच उष्णतेचा घ्या, भलता घालू नका. प्लगची वायर आणि कॅप तडकलेली असेल तर ती आधी, रात्री अंधारात कव्हर उघडून बघितलं तर ठिणगी बाहेर उडताना दिसते, फक्त जवळपास पेट्रोल सांडलेलं नको आणि हात लांब. डिझेलवाल्यांना ही भानगड नाही, त्यांना अल्टरनेटरची शिट्टी येते, ती पण रेसबरोबर चढते पण टकटक नसते, एकसलग सूर असतो.

पापलेट_प्रेमी

टकटकच आहे. प्लग बघून सांगतो, नंबर काय आहे ते फोटो टाकतो उद्या.